टाका उसवला नाही

शनिवारी संध्याकाळी बाबा माझी सायकल स्वयंपाकघरात उलटी करून बसले होते आणि आई त्यांच्या पायांवरून ये-जा करत होती.

"अहो, घर आहे हे, गॅरेज नाही."

"गॅरेजात इतकं चांगलं जेवण मिळत नाही."

"त्या दोन रबरी चकत्यांना माझ्या मिक्सरपेक्षा जास्त मोजलेत. मिक्सर बंद पडून दोन महिने झाले, त्याचं कुणाला काही नाही."

"मिक्सर घेऊन शर्यतीत उतरता येत नाही गं."

"मी उतरेन. आणि तुमच्या लेकीच्या पुढे निघेन."

बाबा इतके हसले की हातातलं टायर निसटून भांड्यांखाली गेलं. मीही हसले. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस होता आणि त्यात याहून जास्त काही घडलं नाही.

बाबांनी तीस वर्षं बसच्या सीटा शिवल्या. निवृत्त झाल्यावर मशीन मागच्या खोलीत आलं, सोबत दाभण, मेणाचा दोरा आणि रेक्झिनचे तुकडे. आमच्या घरात एक नियम होता. तो कुणी केला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं: नवं मला, जुनं बाबांना. माझी शाळेची बॅग त्यांची हत्यारांची पिशवी झाली. मी टाकलेल्या बुटांत ते जाड पुठ्ठा घालून कामाला जायचे. म्हणून नवी टायरं माझ्या सायकलला आणि माझी जुनी त्यांच्या सायकलला, यात कुणाला काही वाटलं नाही. जुन्या दोनांपैकी एकाच्या कडेला नखाएवढा काप गेला होता. ते मी स्वतः कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं.

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. शर्यतीचं वेड मला तेहतिसाव्या वर्षी लागलं, तेही रस्ता बंद केल्यामुळे. तासभर चौकात अडकून पडले आणि समोरून सायकलींचा घोळका वाऱ्यासारखा जाताना पाहिला. घरी येऊन सांगितलं, तर बाबा म्हणाले, "मग तू का नाही?"

पैसे नव्हते हेच कारण होतं, पण बाबांच्या लेखी ते कारण नव्हतं. भंगारवाल्याकडून एक पोलादी सांगाडा आला. तो दोनदा रंगवून झाला. माझ्या चड्डीत सीटचा फोम शिवला गेला. "लांब पल्ल्याच्या प्रवाशांची मी काळजी केली, तुझी नको?" असं म्हणून. आणि भिंतीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक यादी लागली: हेल्मेट नवं. ब्रेकचे रबर नवे. टायर नवे. बाकी सगळं जुनं चालेल.

पहिल्या शर्यतीत मी दुसऱ्या वळणालाच मागे पडले. मागे पडलेल्यांना उचलत येणाऱ्या गाडीतल्या माणसाने खिडकीतून विचारलं, "ताई, चढताय का, की अजून इच्छा आहे?" बाबांनी चौकशी करून कारण शोधलं. एकट्याने वारा कापायचा नसतो. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर चिकटून राहायचं, म्हणजे निम्मा दम वाचतो. पण सरावाला पुढे कुणीतरी हवं. मग त्यांनी स्वतःसाठी एक सायकल जुळवली. त्यांचं वय तेव्हा एकसष्ट.

"तू फक्त माझं मागचं चाक बघ," ते सांगायचे. "नजर हलवायची नाही."

रविवारी सकाळी मी नजर हलवली नाही. पहिल्या वळणावर ऊन तिरकं पडलं आणि मला त्यांच्या मागच्या टायरच्या कडेला पांढरा दोरा दिसला. सात टाके. दर फेरीला वर यायचे आणि खाली जायचे. टाका मी ओळखला, शेवटी दुहेरी गाठ मारायची त्यांची सवय होती. टायरही ओळखलं. डब्यातून काढून, आतून रेक्झिन चिकटवून, त्यांनी ते शिवलं होतं.

मी हाक मारली नाही. पुढच्या रविवारी शर्यत होती. चाळीस किलोमीटर ते सात टाके माझ्या डोळ्यांसमोर फिरत राहिले आणि मी गप्प राहिले. पाण्याच्या टाकीनंतरच्या उतारावर आवाज झाला. सायकल आडवी गेली आणि बाबा ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळले. हेल्मेट शाबूत होतं. ते नवं होतं.

सायकल परत मिळाली तेव्हा मी टायर काढून पाहिलं. टाका उसवला नव्हता. त्यांचा टाका तीस वर्षांत कधी उसवला नव्हता आणि त्याच भरवशावर ते त्या उताराला लागले होते. सीटचं रेक्झिन टाक्याने धरून राहतं. टायरच्या आतलं कापड मात्र धाग्याधाग्यावर ताण घेतं, आणि दाभणाने त्यातला एकेक धागा तोडला होता. सुईच्या भोकांच्या रांगेवरून टायर सरळ फाटलं होतं, वहीचं पान फाडावं तसं.

त्यानंतर लोक यायला लागले. "आवडीचं करता करता गेले," असं म्हणायचे. ते माझ्या आवडीचं करता करता गेले होते. आत्या आली आणि आईला म्हणाली, "वहिनी, या वयात तू जाऊ कसं दिलंस?" मी दार उघडून उभी राहिले. आत्याला वाटलं, हवा यावी म्हणून. शेजारचे काका साधेपणावर अर्धा तास बोलले आणि जाताना आमच्या सोफ्याची शिवण कौतुकाने चाचपून गेले. मला प्रत्येकाचा राग यायचा. सगळ्यात जास्त बाबांचा. भिंतीवर स्वतःच्या हाताने 'टायर नवे' लिहिणारा माणूस डब्यातून टायर उचलतो! ती ओळ त्यांनी फक्त माझ्यासाठी लिहिली होती.

आईने मात्र मिक्सरचं नाव काढलं नाही. मी तो दुरुस्त करून आणला तर तिने कापडात गुंडाळून वर ठेवून दिला. ती पाट्यावर वाटत राहिली. का, ते मला कळलं आणि तरी मी बोलले नाही.

महिन्याभराने आमच्या सायकल क्लबच्या सचिवांचा फोन आला. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, ते कुठे शिकवत नसले तरी. नव्या लोकांसाठी 'कमी खर्चात शर्यत' अशी बैठक असते, ती बाबा घ्यायचे. "यंदा तुम्ही या ताई. आईंनाही आणा."

सायकलच्या दुकानावरची खोली. वंगणाचा वास, पंचवीसेक खुर्च्या, त्यांत बसलेले नवखे लोक. प्रत्येक खुर्चीवर एक छापील कागद. वर बाबांचा फोटो, खाली त्यांची यादी, त्याखाली तिरक्या अक्षरात: 'जुनं टाकू नका, जोडा.' हे बाबा कधीच म्हणाले नव्हते. मी यादी वाचली. सवयीने पुन्हा वाचली.

"सर, एक ओळ गळलीय."

"कुठली हो?"

"टायर नवे."

सर माझ्या जवळ सरकले. "गळली नाही, आम्हीच काढली. बरं दिसलं नसतं. आईंना वाचून त्रास नको."

"आणि हे पंचवीस लोक? हे कुठल्या टायरवर उतार उतरणार?"

"ताई, हळू. प्रसंग कसा आहे…"

"प्रसंग मला माहीत आहे. मी तिथे होते."

पुढच्या रांगेत आई उभी राहिली. तिने पदर नीट केला, घरी पाहुण्यांसमोर करते तसा.

"ओळ घाला," ती म्हणाली. "लिहा, टायर नवंच घ्यायचं. यांनी स्वतःसाठी नाही घेतलं, ते माझ्यामुळे. मिक्सरवरून मी त्यांना बोलले होते. आदल्याच दिवशी. त्यांच्या मनाला लागलं असणार."

"छे छे, वहिनी," सर म्हणाले, "असं मनात आणू नका. नशीब म्हणायचं."

नशीब! तो शब्द ऐकला आणि महिनाभर सगळ्यांवर धरलेला माझा राग एकदम योग्य जागी येऊन पडला. मी पिशवीतून टायर काढलं. दाखवायला आणलं होतं, दाखवायचा धीर नव्हता. ते आईच्या हातात दिलं. तिचा अंगठा टाक्यांवरून फिरला आणि दुहेरी गाठीवर थांबला.

"मिक्सरचा काही संबंध नाही, आई," मी म्हणाले. आवाज माझा होता, पण एवढा मोठा मी कधी काढला नव्हता. "ते तुझ्यावर हसत होते. हसता हसता टायर पडलं त्यांच्या हातातून, आठवतं ना? त्यांना काही लागलं नव्हतं."

मी तिच्या हातातल्या टाक्यांवर बोट ठेवलं.

"हे टाके मी पाहिले होते. निघाल्यापासून. चाळीस किलोमीटर. माझ्या हातभर पुढे. थांबा म्हटलं असतं तर ते थांबले असते, माझं त्यांनी कधी मोडलं नाही. पण मग माझं एक टायर त्यांच्या चाकाला घाला, असं मला म्हणावं लागलं असतं. आणि आठवड्यावर शर्यत आलेली. नवं टायर मला द्यायचं नव्हतं, आई. म्हणून मी गप्प बसले."