तीन आखूड, एक लांब

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे, आणि जुनी असल्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. ओठ टेकतात त्या जागचा माझा निकेलचा मुलामा कधीच उडून गेला आहे. तिथे पिवळे पितळ दिसते. मित्रांनो, त्याला दोष म्हणू नका. ती माझ्या नोकरीची खूण आहे.

चिंचपोकळीला, रेल्वेच्या भिंतीला लागून असलेल्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याचे तुकडे साच्यात दाबले, एकमेकांना झाळले, पोटात बुचाची गोळी टाकली. मग कारागिराने एकदाच फुंकून पाहिले आणि म्हणाला, "ही कोकलते चांगली." माझे बारसे एवढेच.

मला नायगावच्या रामदास नावाच्या माणसाने विकत घेतले. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. पहाटे रस्त्यातल्या चाव्या फिरवून ते वस्तीला पाणी सोडत आणि संध्याकाळी बीडीडी चाळींच्या मधल्या मैदानात मुलांना कबड्डी शिकवत. त्यांची हाक ठरलेली होती. तीन आखूड, एक लांब. ती ऐकू आली की तिसऱ्या माळ्यावरची मुले उरलेली चपाती तोंडात कोंबत जिने उतरायची.

पुढे नानांनी मुलींचा संघ काढला, तेव्हा चाळीत कुजबुज सुरू झाली.

"नाना, पोरींना चड्डीवर मातीत लोळवताय. उद्या यांची लग्नं तुम्ही जमवणार काय?" एकाने गॅलरीतून विचारले.

"जमवीन की," नाना म्हणाले. "आधी तुझ्या पोरीला खाली पाठव. पकड चांगली आहे तिची." आणि त्यांनी मला असे फुंकले की पुढचा प्रश्न कुणाला ऐकूच गेला नाही.

दोन वर्षांनी त्याच मुलींनी ढाल जिंकून आणली. ढाल चाळीतल्या बुद्धविहारात ठेवली, आणि तिच्या शेजारच्या खिळ्याला एक दिवस मला टांगले. तो माझा मान. मी तो अजून विसरलेली नाही.

मग कबड्डी मातीवरून मॅटवर गेली. पंचांच्या तोंडात प्लॅस्टिकच्या शिट्ट्या आल्या. चाळी पाडून टॉवर बांधायचे ठरले आणि मैदानाभोवती उंच पत्रे उभे राहिले. मी नानांच्या औषधांच्या डब्यात जाऊन पडले. रक्तदाबाच्या गोळ्या रोज एकेक करून कमी व्हायच्या, मी मात्र तिथेच. यंदा मार्चमध्ये एके दिवशी गोळ्या कमी व्हायच्या थांबल्या.

नानांची मुलगी वैशाली शाळेत पीटी शिकवते. नाना होते तेव्हाच तिची अमेरिकेतल्या एका उन्हाळी शिबिरासाठी निवड झाली होती. तलावाकाठी नऊ आठवडे राहून लहान मुलींना सांभाळायचे आणि खेळ शिकवायचे, असे काम होते. नानांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पार पडला आणि मे संपता संपता तिने बॅग खाली काढली.

"बापाला तीन महिने नाही झाले गं," नानांची बहीण कमलाबाई म्हणाली. "वर्ष तरी जाऊ दे. लोक काय म्हणतील?"

"लोक नानांनाही म्हणायचेच, आत्या."

"त्याचं वेगळं. तो पुरुष होता."

वैशालीने औषधांचा डबा उघडला, मला बाहेर काढले, नवी काळी नाडी ओवली आणि गळ्यात घातली.

"हे काय? मंगळसूत्र?" आत्याने विचारले आणि तिचे तिलाच हसू फुटले. मग ती डोळे पुसत बॅगेत चिवड्याची पुडी कोंबू लागली.

शिबिर एका रानात होते. लाकडी खोल्या, एक मोठे कुरण आणि त्याला लागून तलाव. वैशालीच्या खोलीत दहा मुली होत्या. त्यांचे दात घासून घ्यायचे, केसांत गोचीड शिरली का ते पाहायचे, घरच्या आठवणीने रडणारीजवळ बसायचे, ही तिची कामे. पहिल्याच दिवशी कुणीतरी तिचे नाव कापून "वाय" केले. "वैशाली," ती म्हणाली. "तीन अक्षरं आहेत. तिन्ही घ्या." मुलींनी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला कुरणावर खेळ घ्यायला पाठवले. मुली चहूकडे पांगल्या होत्या. वैशालीने मला तोंडात धरले आणि नायगावात तिच्या कानांनी हजार वेळा ऐकलेली हाक दिली. तीन आखूड, एक लांब. मीही जीव तोडून वाजले. कित्येक वर्षांनी कुणी मला फुंकले होते.

मित्रांनो, त्या शिबिरात तीन आखूड शिट्ट्यांचा एकच अर्थ होता. पाण्यात कुणीतरी हरवले.

क्षणात तलाव रिकामा झाला. मुले काठावर दोघादोघांनी हात धरून बसली. पाण्यात उतरताना प्रत्येकाने फळ्यावर टांगलेल्या नावांच्या लाकडी चकत्या मोजल्या जाऊ लागल्या. मोठी माणसे हातात हात गुंफून, ओळीने, पायांनी तळ चाचपत पाण्यात शिरली. अकरा मिनिटे हे चालले. सगळी मुले सापडली, कारण कुणी हरवलेच नव्हते. पण काठावरची लहान मुले अजून रडत होती.

शिबिराच्या प्रमुख जोआन नावाच्या बाई होत्या. केस पांढरे, आवाज खालचा. त्यांनी हात पुढे केला. वैशालीने मला गळ्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवले.

"तुला इथे ठेवायचं की परत पाठवायचं, ते रविवारी ठरवू. तोवर तू स्वयंपाकघरात काम कर," जोआनबाई म्हणाल्या. मला त्यांनी कचेरीच्या खिडकीजवळ एका खिळ्याला अडकवले.

त्या खिडकीखालीच शेजारच्या खोलीतल्या मुली सांभाळणारी ताई वैशालीला म्हणाली, "नियम कुणी सांगितलाच नव्हता म्हण. नव्या मुलींना सोडतात."

"सांगितला होता. वहीत लिहूनही घेतला होता. तोंडाने वही वाचली नाही, त्याला मी काय करू?"

कचेरीतच फोन होता, म्हणून आत्याशी झालेले बोलणे मी ऐकले.

"तरी मी म्हणत होते! ये परत. इथे काय तुला कुणी भांडी घासायला लावलं असतं?"

"आत्या, मी घासेन भांडी. पण खोटं बोलून राहणार नाही आणि तोंड लपवून परतही येणार नाही. घालवायचं तर त्यांनी घालवावं."

पलीकडून आत्या म्हणाली, "जेवलीस का?"

रविवारी कचेरीच्या खिडकीबाहेर सगळ्या मुलांसमोर वैशाली उभी राहिली. "मला नियम माहीत होता. तरी मी ती शिट्टी वाजवली. तुम्ही घाबरलात, पाण्यातली माणसं घाबरली. चूक माझी आहे आणि मी माफी मागते." ती खाली बसेल असे सर्वांना वाटले. ती बसली नाही. "पण शिट्टीने काही केलं नाही. ती माझ्या वडिलांची आहे. शिक्षा मला द्या, ती मला परत द्या."

कचेरीत आल्यावर जोआनबाई म्हणाल्या, "तू खरं बोललीस म्हणून राहशील. शिट्टी मात्र खिळ्यावरच राहील. गळ्यात असली की हात जातो."

"मग कबड्डी घेऊ द्या."

"शिट्टीशिवाय?"

"घसा आहे ना."

खरे सांगू? मला राग आला. माझ्यासाठी भांडायला उभी राहिलेली मुलगी माझ्यावाचून मैदानात निघाली होती. पाच आठवडे मी खिडकीतून पाहत राहिले. वैशालीने गवतावर चुन्याने कबड्डीच्या रेषा आखल्या. मांडीवर थाप मारून ती डाव सुरू करी. दहाच्या चाळीस मुली झाल्या. पाण्याला भिऊन रोज काठावर बसणारी नोरा नावाची एक मुलगी होती. ती एका दमात पलीकडे जाई, तिघींना शिवे आणि ओठ निळे पडेस्तोवर "कबड्डी, कबड्डी" म्हणत परत येई. तिला ओरडून सांगताना वैशालीचा आवाज फाटायचा, तरी ती थांबायची नाही. नाना माझ्या पोटात आहेत असे मी इतकी वर्षे समजत होते. ते त्या फाटक्या आवाजातही होते. हे कबूल करायला मला फार जड गेले.

एका दुपारी जोआनबाईंनी तिला कचेरीत बोलावले. "वडिलांना फोन कर. त्यांची लेक इथे काय करते आहे, ते मीच त्यांना सांगते."

"त्यांना फोन लागत नाही."

"तिकडे आता रात्र असेल?"

"म्हणून नाही. ते मार्चमध्ये गेले."

जोआनबाई उठल्या आणि मला खिळ्यावरून काढून तळहातावर घेतले. माझी झिजलेली जागा त्यांनी अंगठ्याने चाचपली. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "तरी मी तुला नियमातून सूट देऊ शकत नाही."

"मी सूट मागितलेलीच नाही," वैशाली म्हणाली. "तीन आखूड तुमच्या तलावाच्या. त्या इथे मी पुन्हा वाजवणार नाही. एक लांब कुणाची आहे?"

जोआनबाईंनी भिंतीवरची नियमांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. एक लांब कुणाचीच नव्हती. त्यांनी पेन घेतले आणि यादीच्या तळाशी नवी ओळ लिहिली. एक लांब म्हणजे कबड्डी. तलावावरच्या प्रत्येक माणसाला ती वाचून दाखवली, मुलांना जेवणाआधी सांगितली आणि मगच मला वैशालीच्या गळ्यात घातले.

ती कुरणाच्या मधोमध गेली. मला तोंडाशी धरून जरा थांबली. आजवर माझ्यातून नानांची हाक निघत आली होती, ती इथे द्यायची नव्हती. तिने छाती भरून घेतली आणि एकच हाक दिली. लांब, सरळ, तिची स्वतःची. तलावावर एकही मान वळली नाही. कुरणाच्या चारी बाजूंनी मुली धावत सुटल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. ती मखमलीत गुंडाळू नका, काचेआड ठेवू नका, हार घालून तिचे तोंड बंद करू नका. वापरा. वापरताना चूक होईल, ती चारचौघांत कबूल करा आणि वस्तू परत मागा. आम्हाला धुळीची भीती नाही, पडण्याचीही नाही. आम्हाला फक्त गप्प बसवू नका.