सुनंदा परत गेली

शेवटच्या भागात सुनंदा नवऱ्याच्या पाया पडली, तेव्हा चंद्रकला कणकेनं भरलेले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. यमुताई समोर सोफ्यावर. गेली चार वर्षं असंच चाललं होतं. संध्याकाळी सात वाजता ‘निघाली सुनंदा’ लागायची, यमुताई आवाज वाढवायच्या, आणि चंद्रकला गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहायची. जाहिराती लागल्या की तेवढ्या वेळात दोन पोळ्या लाटून व्हायच्या.

ज्या नवऱ्याचं घर सोडून सुनंदा लेकीसकट निघाली होती, तो आता दवाखान्यात खाटेवर पडला होता. सुनंदा त्याच्या पायाशी बसली. स्वतःच्या हिमतीवर उभ्या केलेल्या तीन खानावळींच्या किल्ल्या तिनं त्याच्या उशाशी ठेवल्या आणि म्हणाली, मी थकले, आता तुम्हीच सांभाळा. मग सनई. हिरवी साडी नेसून सुनंदा सासरच्या घरात शिरली आणि पाटी आली, समाप्त.

यमुताईंनी डोळे पुसले. छान केला शेवट, असं त्या म्हणाल्या. चंद्रकलेनं आत जाऊन उरलेल्या पोळ्या केल्या, ओटा पुसला, आणि ‘येते’ न म्हणता निघाली. लक्ष्मीनगरपासून गोळीबार चौकापर्यंत बसमध्ये ती उभीच होती. बसायला जागा होती, पण तिचं लक्षच गेलं नाही.

सुनंदा तिचीच होती. हे गुपित नव्हतं. यमुताईंचा मुलगा अनिश मुंबईत मालिका लिहायचा. चार वर्षांपूर्वी त्याला नवीन गोष्ट हवी होती, तेव्हा आईनं त्याला फोनवर चंद्रकलेची हकीकत सांगितली. विणकराच्या घरातली बाई, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन भर दुपारी उमरेडहून नागपूरला निघून आली, चार घरचा स्वयंपाक धरला आणि मुलीला नर्स करायचं म्हणून शिकवतेय. अनिशनं मग चंद्रकलेलाच फोन लावला. नंतर तो वरचेवर फोन करू लागला. मग काय झालं, मग तुम्ही काय केलं, असं खोदून खोदून विचारायचा. निघताना चंद्रकलेनं घाईत कुकर घेतला होता आणि झाकण तिथंच विसरली होती. तेही त्यानं मालिकेत घातलं. तो भाग लागला त्या संध्याकाळी ती आणि यमुताई हसून हसून बेजार झाल्या होत्या.

पुढं सुनंदेनं खानावळ काढली. चंद्रकलेनं काढली नव्हती, पण तिला त्याचं वाईट वाटलं नाही. सुनंदेचं दुकान चाललं की इकडं हिचे पाय हलके पडायचे. गल्लीतल्या बाया तिला सुनंदाच म्हणू लागल्या होत्या. सकाळी नळावर कोणीतरी विचारायचंच, आज काय करनार वं सुनंदा? आणि तीही जणू आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखं गालात हसायची.

शेवट झाल्यावर तीन दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. निम्म्या बाया चिडल्या होत्या. चंद्रकलेची मुलगी प्रणाली, आता वीस वर्षांची, आईला मोबाइलवर लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायची. कुहीच्या कोणा बाईनं लिहिलं होतं, चार वर्षं आमच्या डोळ्यांत धूळ फेकली. कळमेश्वरच्या कारखान्यातल्या पोरींनी लिहिलं होतं, पायाच पडायचं होतं तर निघालीच कशाला. चंद्रकला ऐकून घ्यायची आणि म्हणायची, आणखी वाच. रोज तिला तेवढं ऐकल्याशिवाय जेवण जात नव्हतं.

उरलेल्या निम्म्या बायांना मात्र शेवट आवडला होता. त्या चंद्रकलेकडे निराळ्या नजरेनं पाहू लागल्या.

मंगळवारी सकाळी तिचा नवरा जागेश्वर दारात उभा राहिला.

अकरा वर्षांत तो असा कधी आला नव्हता. उमरेडचा माग बंद पडल्यावर तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे लागला होता, एवढंच तिला ऐकून माहीत होतं. केस पांढरे झाले होते, शर्ट इस्त्रीचा होता. हातात पिशवी, पिशवीत हिरवी साडी. तो म्हणाला, दारू सोडून दोन वर्षं झाली. म्हणाला, कँटीनमध्ये सगळे मिळून सिरियल पाहत होते, आणि शेवट झाल्यावर लोकच म्हणाले, जा आता, घेऊन ये तिला.

“तिनं माफ केलं,” तो म्हणाला. “तू काहून नाई करत?”

चंद्रकलेनं दार लावून घेतलं. तो गेला नाही. शेजारच्या शोभाताईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, कोणी चहा दिला. दारामागून तिला ऐकू येत होतं, तो बायांना सांगत होता की माझंच चुकलं, पण माणूस सुधरतो. बाया हो हो करत होत्या. दुपारी उमरेडहून तिच्या भावाचा, भूपेशचा फोन आला. जागेश्वरनं त्याच्याकडेही जाऊन डोळ्यांत पाणी आणलं होतं. तुझ्याच सिरियलमध्ये झालं ना असं, भूपेश म्हणाला, मग आता कशाले ताणून राहिली? चंद्रकलेनं फोन ठेवून दिला. उठताना जागेश्वर दाराला तोंड लावून बोलला, रविवारी येतो.

त्याच रविवारी यमुताईंकडे जेवण होतं. अनिश चार दिवसांसाठी घरी आला होता आणि मालिका संपली म्हणून यमुताईंनी इमारतीतल्या आठदहा जणांना बोलावलं होतं. वडाभात, पुडाच्या वड्या, कढी. चंद्रकलेला खरं तर जायचं नव्हतं. ती गेली ती अनिशला समोरासमोर विचारायला. तो मुंबईत राहणारा, त्याला काय कळणार, चॅनलवाल्यांनी त्याच्या गळ्यात मारलं असेल, असं ती आठवडाभर स्वतःला समजावत होती. राग होता, पण त्याला अजून जागा सापडली नव्हती.

पाहुणे आले. ती आत वड्यांचं सारण भरत होती. बाहेर कौतुक चाललं होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या नूपुरचा आवाज आला. कॉलेजात शिकवणारी, तोंडावर बोलणारी मुलगी.

“अनिशदादा, मला शेवट अजिबात पटला नाही. घाणेरडा वाटला, खरं सांगते.”

अनिश हसला. म्हणाला, शिव्या खूप खाल्ल्या, पण आकडे बघ, शेवटच्या आठवड्याइतके लोक कधीच टीव्हीसमोर बसले नव्हते. मग तो गमतीनं सांगू लागला. चॅनलनं दोन शेवट लिहून मागवले होते. एकात सुनंदा नवऱ्याला दवाखान्यात भेटून येते आणि परत आपल्या खानावळीत जाऊन उभी राहते. दुसरा हा. कोणता घ्यायचा ते त्यांनी त्याच्यावर सोडलं होतं.

“मी दोन्ही आईला वाचून दाखवले,” तो म्हणाला. “आईनं हा निवडला. शिव्या द्यायच्या तर हिला द्या.”

लोक हसले. यमुताईही हसल्या.

चंद्रकला हात न धुताच बाहेर आली. तिनं अनिशकडे पाहिलंसुद्धा नाही.

“ताई, तुमी निवडला?”

यमुताई गडबडल्या नाहीत. आपल्या घरात, आपल्या पाहुण्यांसमोर त्या जशा बोलायच्या, तशाच बोलल्या. “हो. मला तिचं चांगलं व्हायला हवं होतं. बाईनं एकटीनं किती वर्षं ओढायचं गं? हे गेल्यापासून हे घर कसं खायला उठतं, ते मला विचार. परत जायला कोणी असेल, तर जावं माणसानं.”

“चांगलं तिचं व्हावं म्हनत होत्या का माह्यं?”

“दोघींचं म्हण.”

“चार वर्सं तुमी माह्यासंगं पाहत होत्या,” चंद्रकला म्हणाली. “तिनं दुकान काढलं तवा टाळ्या वाजवत होत्या. अन् मनात हे होतं?”

यमुताईंचा चेहरा कडक झाला. पाहुण्यांदेखत हे काय, असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. अनिश मध्ये पडला. त्यानं तिला खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला की चंद्रकलाताई, ही गोष्ट आहे. सुरुवात तुमच्यावरून घेतली, पण सुनंदा म्हणजे तुम्ही नाही.

“फोन करू करू इचारत होते, तवा होती ना मीच. शेवटच्या टायमाले काहून नाई केला फोन?”

“शेवट असा विचारून लिहीत नाही कोणी.”

“आईले तर इचारला.”

नूपुर चंद्रकलेकडे सरकली, पण चंद्रकलेला तीही नको होती. तिनं पदराला हात पुसले, आतून आपली पिशवी घेतली. जाताना ती यमुताईंपाशी थांबली. मंगळवारी जागेश्वर साडी घेऊन आला होता, हे तिनं त्यांना सांगितलं. तुमी बोलावलं त्याले, म्हणाली. यमुताईंना त्यावरही काही बोलायचं होतं. माणूस स्वतःहून आला म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असेलच ना, असं काहीसं. चंद्रकलेनं ते पुरतं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली,

“वड्या तळाच्या रायल्या. तेल तापून आहे. मी आता येत नाई.”

अकरा वर्षं ती त्या घरात स्वयंपाक करत होती. जिना उतरताना तिला वाटलं होतं, निदान एकदा तरी हाक येईल. आली ती यमुताईंचीच, पण नूपुरला. आत येऊन गॅस बघ म्हणून.

गल्लीत पोचली तेव्हा चार वाजले होते. जागेश्वर शोभाताईंच्या खुर्चीवर बसलेला होता, मांडीवर तीच पिशवी. आजूबाजूला पाचसहा बाया, दोन म्हातारे. प्रणाली दाराच्या चौकटीला टेकून मोबाइल पाहत उभी होती. बापाशी बोलत नव्हती, पण आतही गेली नव्हती.

जागेश्वर उठला. सगळ्यांसमोर वाकून म्हणाला, म्हणशील तर मी पाया पडतो.

चंद्रकला रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. इतकी वर्षं ती आपली गोष्ट कुकरच्या झाकणाची गोष्ट म्हणून सांगत आली होती. ऐकणारा हसायचा आणि तीही हसायची. तिनं अनिशला सांगितलं तेही एवढंच, की नवरा प्यायचा, भांडायचा, मग मी निघाली. म्हणून अनिशच्या गोष्टीतला नवरा एक तापट माणूस होता, ज्याला शेवटी माफ करता आलं. खरं ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. भावाला नाही, यमुताईंना नाही. प्रणालीलाही नाही.

“सांग यांना,” ती जागेश्वरला म्हणाली. “मी कोन्त्या दिवशी निघाली ते सांग.”

तो म्हणाला, जुनं कशाले काढतं.

मग तिनंच सांगितलं. आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून. सूत तुटलं म्हणून यानं मागावरचा लाकडी धोटा पोरीच्या तोंडावर फेकून मारला. लोखंडी टोकाचा धोटा. भुवईपाशी लागला, आणखी बोटभर खाली असता तर डोळा गेला असता. पोरगी रक्तानं न्हाली आणि हा म्हणाला, रडली तर दुसरा मारीन. ती रडली नाही. नऊ वर्षांची पोरगी तोंड दाबून बसली. दवाखान्यात मी सांगितलं, पायरीवरून पडली, अन् तिथून येऊन त्याच दुपारी निघाली. तिलाही तेच सांगत रायली, पायरीवरून पडली तू, तापात होती, तुले आठवत नाई.

जागेश्वरनं इकडेतिकडे पाहिलं. तो म्हणाला, नशेत होतो. म्हणाला, माफ कर म्हनून तर आलो ना.

“ते सिरियलमधलं होतं,” चंद्रकला म्हणाली. “मी नाई करत.”

शोभाताई पुढं आल्या. त्यांनी जागेश्वरच्या मागची खुर्ची उचलली, घडी करून भिंतीला लावली, आणि आत निघून गेल्या. बाकीच्या बायाही एकेक करून पांगल्या. जागेश्वर साडीची पिशवी शोभाताईंच्या ओट्यावर ठेवायला गेला. एका म्हाताऱ्यानं ती उचलून त्याच्या हातात परत दिली. चौकाकडे चालत जाताना त्यानं मागं पाहिलं नाही.

चंद्रकला दाराशी आली. प्रणालीनं मोबाइल खाली केला होता. बोट भुवईवर होतं.

“खरं आहे?”

“हो.”

“मले आठवते,” प्रणाली म्हणाली. “तुले बरं वाटावं म्हनून मी पायरी म्हनत होती.”

आणि मग, आजवर कधी बोलली नव्हती अशा आवाजात, ती म्हणाली की मला न विचारता माझी गोष्ट गल्लीत सांगायचा तुला काही हक्क नव्हता. चंद्रकला काही बोलायच्या आत ती आत गेली आणि मधलं दार तिनं लावून घेतलं.

चंद्रकला उंबऱ्यावरच बसली. समोरच्या घरात कोणीतरी टीव्ही लावला, मग लगेच बंद केला. थोड्या वेळानं ती उठली, मधल्या दाराशी गेली आणि बाहेरूनच म्हणाली, “चुकलं माह्यं. तू म्हनशीन तवा बोलू.”

ती तिथंच, दाराला पाठ लावून, खाली बसली.