माझ्या कपाळावरची घार

मी एक फुटके हेल्मेट आहे. सायकल चालवताना डोक्यावर घालतात, ते. माझे तीन तुकडे झाले असून ते एका पारदर्शक पिशवीत ठेवलेले आहेत. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळव्या होतात म्हणे. मला ते जमणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि हा राग ओसरावा असे मला वाटतही नाही.

माझा रंग निळा. दोन्ही बाजूंनी नारिंगी पट्टे आणि कपाळावर पंख पसरलेली घार. ही घार सायकल शर्यतीतल्या एका नामांकित महिला संघाचे चिन्ह आहे. त्या संघाची हेल्मेटे एक कंपनी बनवते. माल विकायला काढण्याआधी ती कंपनी नमुन्याची हेल्मेटे उंचावरून लोखंडावर आपटून फोडते, आतल्या फेसाचे काप काढून बघते, आणि मगच बाकीच्यांवर घार उमटते. माझ्यावरही घार आहे. पण मी त्या कंपनीचे तोंडही पाहिलेले नव्हते.

मी जन्मलो एका गोदामाच्या माळ्यावर. रस्त्यावरून कोणाला दिसू नये म्हणून तिथल्या खिडक्यांना पुठ्ठे ठोकले होते. त्यामुळे डिंकाचा उग्र वास बाहेर जायला वाटच नव्हती. तिथे सहा-सात बायका ओळीने बसून काम करत. माझे वरचे कवच पातळ प्लॅस्टिकचे होते. आतला फेस, टीव्हीच्या खोक्यात कोपऱ्यांना लावतात ना, तसलाच होता. माझा पट्टा दप्तराच्या पट्ट्यातून कापलेला होता.

फेस आणि कवच चिकटवण्याचे काम जिच्याकडे होते, तिला सगळ्या 'डिंकवाली मावशी' म्हणत. तिच्या बोटांची कातडी सोलवटलेली असे. दुपारनंतर डोके धरले की ती दोन मिनिटे जिन्यात जाऊन बसे आणि मुकादम ओरडला की परत येई. तिने मला हातात घेतले, फेसावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो तसाच राहिला.

"अहो मुकादम," ती म्हणाली, "यात कोणाचं डोकं वाचायचं नाही हो."

मुकादम हसला. "डोकं वाचवायला कोण घेतंय, मावशी? घार बघून घेतात. तुम्ही चिकटवा आणि पुढे सरकवा."

तिने मला पुढे सरकवले. शेजारच्या बाईने माझ्या आत एक चंदेरी चिठ्ठी लावली. 'सुरक्षा तपासणी पूर्ण' असे तिच्यावर छापले होते. मला कोणीही तपासले नव्हते. जन्मून अर्धा तास झाला नव्हता आणि माझ्या कपाळावर एक खोटे होते, पोटात दुसरे. लोक मला आज 'खोटे हेल्मेट' म्हणतात तेव्हा माझ्या अंगाची लाही होते. माझे प्लॅस्टिक खरे होते, डिंक खरा होता, मावशीची सोललेली बोटे खरी होती. खोटे बोलली ती माणसे!

तिथून मी भुयारी मार्गातल्या एका टपरीवर आलो. माझ्या आजूबाजूला घारीच्या टोप्या, घारीचे टी-शर्ट, घारीच्या बाटल्या लटकत होत्या. एकाही वस्तूला त्या संघाची परवानगी नव्हती. तिथे एके संध्याकाळी भिंगरीचे बाबा आले.

भिंगरी म्हणजे तेरा वर्षांची मुलगी. एका जागी दोन मिनिटे बसत नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेले नाव. ती सायकलच्या क्लबात जायची आणि तिला घारीचे हेल्मेट हवे होते. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करणारे कारागीर. घरात हलाखी मुळीच नव्हती. कंपनीच्या दुकानातून खरे हेल्मेट घेणे त्यांना परवडले असते. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

त्यांनी मला उचलून डोळ्यांसमोर फिरवले. "ओरिजिनल आहे का?"

"साहेब," टपरीवाला म्हणाला, "ओरिजिनल विकत असतो तर या भुयारात बसलो असतो का? फर्स्ट कॉपी आहे. कोणाच्या बापाला फरक कळायचा नाही."

दोघेही मोकळेपणी हसले. मित्रांनो, ते हसणे मी विसरलो नाही. त्या हसण्यात सगळे ठरले होते. फसवणारा आणि फसणारा असे तिथे कोणी नव्हतेच. दोघांनाही माहीत होते. माहीत नव्हते ते भिंगरीला आणि तिच्या आईला.

घरी तिने मला घातले आणि जेवणाच्या टेबलाभोवती तीन चकरा मारल्या. "आई, बघ ना! सेम टू सेम!" आईने विचारले, "अहो, दुकानातूनच घेतलंत ना?" "तर काय!" बाबा म्हणाले, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. दुसऱ्या दिवशी फोनवर मात्र ते कोणाला तरी छाती फुगवून सांगत होते, "अरे, नावाचे पैसे घेतात लेकाचे. पूर्ण किंमत देणारा मूर्ख. आपण नाही त्यातले."

काही महिने माझे फार लाड झाले. भिंगरी मला ओल्या फडक्याने पुसायची, घारीचे डोळे कापसाने साफ करायची. क्लबात मुली मला हात लावून बघायच्या. तिची मैत्रीण होती, तिला सगळे 'चष्मिस' म्हणत. तिचे हेल्मेट तिच्या ताईचे जुने होते, राखाडी, ओरखड्यांनी भरलेले, चिन्हबिन्ह काही नाही. ते साध्या पण प्रामाणिक कारखान्यातून आलेले होते. मुली त्याला 'पातेलं' म्हणून हसत आणि भिंगरीही हसे. मीही तेव्हा ऐटीत असायचो, हे कबूल करतो.

एकदा शाळेला सुट्टी असताना बाबा डबा घरीच विसरले. भिंगरी सायकलवर तो द्यायला एका उंच इमारतीत गेली. मी तिच्या कोपराला अडकवलेला होतो. लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत बाबा एका पुरवठादारावर खवळले होते. त्याने ब्रेकचा जो भाग आणला होता, तो हुबेहूब नामांकित कंपनीचा दिसत होता, पण नव्हता.

"दिसायला तोच आहे हो," पुरवठादार गयावया करत होता. "सगळे हाच घेतात."

"सगळे खड्ड्यात जाऊ देत!" बाबा कडाडले. "याच्या भरवशावर माणसं लटकणार आहेत. आजोबा, गरोदर बाई, शाळेतून आलेलं पोर. उद्या हा तुटला तर खाली कोण उभा राहणार आहे? तुम्ही?" आणि त्यांनी तो भाग कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात भिरकावला. डबा ठणाणला.

भिंगरी दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. मला मात्र ओरडावेसे वाटत होते, 'अहो, मागे वळा! तुमच्या मुलीच्या कोपराला काय लटकले आहे ते बघा!' पण मी हेल्मेट. मला तोंड नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, क्लबच्या मुली सरावाला निघाल्या. चढ संपून उतार लागला होता. वळणावर रस्ता खणून नुसती खडी भरली होती. पुढे भिंगरी, मागे चष्मिस. भिंगरीचे चाक सरकले, चष्मिस तिच्यावर आदळली आणि दोघी फुटपाथच्या कडेवर पडल्या. वेग फार नव्हता. प्रशिक्षक ताईंनी नंतर सांगितले की असे पडणे त्यांनी पन्नास वेळा पाहिले आहे. मुली उठतात, गुडघे झटकतात, थोड्या रडतात आणि पुन्हा बसतात.

चष्मिस उठली. तिच्या पातेल्याला आतून तडा गेला होता, तिच्या कपाळाला टेंगूळ आले होते. बास, एवढेच.

भिंगरी उठली नाही. दगडाचा मार उजव्या कानाच्या वर बसला. तो मी झेलायचा होता. माझा जन्म त्या एका क्षणासाठी होता. आणि मी बिस्किटासारखा तुटलो. फेस चुरला, कवच फाटले, पट्टा निसटला. माझा तुकडा गटाराजवळ जाऊन पडला. घार त्याच्यावर तशीच ऐटीत पंख पसरून बसली होती.

भिंगरी वाचली. पण तीन आठवडे ती इस्पितळात होती. कवटीचे कानामागचे हाड मोडले होते. उजव्या कानाने तिला आता ऐकू येत नाही. आणि तोलही गेला. गर्रकन वळली की खोली फिरते, भिंतीचा आधार घ्यावा लागतो. दोन चाकांवर बसण्याचे डॉक्टरांनी तूर्त नावही काढू दिले नाही. 'भिंगरी' म्हणून हाक मारताना तिच्या आईचा आवाज अडखळू लागला.

आणि बाबा? त्यांनी माझे तुकडे पिशवीत भरले आणि थेट कंपनीच्या कचेरीत गेले. "तुमच्या हेल्मेटनं माझ्या मुलीचं वाटोळं केलं," असे ते मोठमोठ्याने म्हणाले. तो संताप खोटा नव्हता, दुःखही खोटे नव्हते. पण ते कोणासमोर ओरडत होते? ज्यांच्या हातून मी कधी गेलोच नाही त्यांच्यासमोर! कंपनीने त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले. त्या दिवशी आई आणि भिंगरीही सोबत आल्या.

कंपनीच्या तपासनीस बाई पन्नाशीच्या, शांत. त्यांनी मला टेबलावर मांडले. माझे वजन केले. फेसाचा तुकडा चिमटीत दाबला, तो चुरला. मग त्यांनी कपाटातून खरे घारीचे हेल्मेट आणले आणि त्याचा फेस भिंगरीला दाबायला दिला. तिचा अंगठा आत गेला नाही.

"हे आमचं नाही," बाई म्हणाल्या. "असे तुकडे आमच्याकडे दर महिन्याला येतात. कुठून घेतलं होतंत?"

"दुकानातून," बाबा म्हणाले.

"कुठल्या?"

बाबांनी टेबलावरचा एक तुकडा उगाच सरळ केला. भिंगरीने मान वळवली. तिला आता ऐकण्यासाठी डावा कान पुढे करावा लागतो. त्यामुळे ती बाबांच्या अगदी जवळ झाली.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"बाळा, मला वाटलं की..."

"माहीत होतं का?"

"हो," बाबा म्हणाले.

"तुम्ही तो ब्रेक फेकून दिला होतात," भिंगरी म्हणाली. "दिसायला तोच होता, तरी फेकलात. लोकांची पोरं पडू नयेत म्हणून." आणि मग अगदी हळू, "मग मी?"

आई उठली. नवऱ्याकडे न बघता तिने मुलीचा हात धरला आणि दोघी बाहेर गेल्या. बाबा टेबलाशी बसून राहिले. बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

त्याच दिवशी बाबांनी टपरीचा पत्ता लिहून दिला. धाड पडली. तुम्हाला वाटेल, आता न्याय झाला. ऐका तर मग. टपरी आठवडाभर बंद होती, नंतर त्याच भुयारात चार पावले पुढे उघडली. टपरीवाल्याकडून पत्ता काढला, तर गोदाम रिकामे सापडले. मालक आणि मुकादम सामान घेऊन कधीच पसार झाले होते. सापडली फक्त डिंकवाली मावशी. आपली राहिलेली चप्पल न्यायला आली होती! तिला दोन दिवस चौकीत बसवून ठेवले. ज्या एकटीने खरे बोलून दाखवले होते, तीच पकडली गेली. ही बातमी तपासनीस बाईंनी फोनवर सांगितली तेव्हा बाबांनी मान खाली घातली. मला मात्र खाली घालायला मानही नाही. माझा जळफळाट होत राहिला.

बाबा मला कचऱ्यात टाकायला निघाले होते. भिंगरीने पिशवी हिसकावून घेतली. "ते माझं आहे," ती म्हणाली. महिनाभर ती बाबांशी कामापुरतेच बोलली. मग एका रविवारी तिने क्लबात जायचे ठरवले आणि बाबांना सांगितले, "तुम्ही पण चला. पिशवी तुम्ही धरा."

तेव्हापासून दर रविवारी बाबा फाटकाशी टेबल टाकून बसतात. सरावाला येणाऱ्या प्रत्येक मुलाचे हेल्मेट ते आतून दाबून बघतात, पट्टा ओढून बघतात. मी टेबलावर असतो. कोणी विचारले, "हे काय?" तर त्यांना सांगावे लागते. पहिल्या दिवशी ते खाली बघून पुटपुटले. आता ते सरळ सांगतात, "हे मी घेतलं होतं. खोटं आहे हे मला माहीत होतं."

गेल्या रविवारी एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. मुलीच्या डोक्यावर नवे कोरे निळे हेल्मेट, नारिंगी पट्टे, घार. बाबांनी दाबून पाहिले आणि हात मागे घेतला. त्यांनी सगळे सांगितले. त्या बाई कसनुसे हसल्या. "अहो, सगळेच घेतात. एवढं काय होतंय? आजच्या दिवस जाऊ द्या, तिचा हिरमोड नको." आणि मुलीला म्हणाल्या, "चल गं, बस सायकलवर."

बाबा उभे राहिले. तेवढ्यात फाटकाजवळच्या भिंतीला टेकून उभी असलेली भिंगरी पुढे झाली. भिंत सोडून, हात दोन्ही बाजूंना पसरून, डुलत डुलत ती वाटेच्या मधोमध आली आणि तिने त्या सायकलचे हँडल घट्ट धरले.

"सोड बघू, बाळ," बाई म्हणाल्या.

भिंगरीने डावा कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"सोड म्हटलं."

"या कानाने ऐकू येतं मला. पण मी नाही सोडणार."

तिला गरगरत होते हे मला दिसत होते. पण तिची बोटे निघाली नाहीत. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग तिच्या उजव्या कानामागच्या लांब व्रणाकडे. हळूहळू त्यांचे हसू गेले.

मित्रांनो, माझ्याबद्दल हळहळू नका. मला दया नको. तुमच्या आवडत्या संघावर प्रेम असेल तर साधे, बिनचिन्हाचे हेल्मेट घाला आणि मोठ्याने टाळ्या वाजवा. पण चोरलेले चिन्ह कोणाच्या डोक्यावर ठेवू नका. स्वस्तात मिळाले म्हणून तुम्ही हसता तेव्हा कुठल्या तरी बंद खिडकीमागे कोणाची तरी बोटे सोलली जात असतात, आणि कुठल्या तरी वळणावर कोणी तरी माझ्यासारख्याच्या भरवशावर पडणार असते. ती जबाबदारी विकणाऱ्यावर ढकलून तुम्ही मोकळे होत नाही.

त्या बाईंनी गुडघे टेकले आणि आपल्या मुलीच्या हनुवटीखालचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडवला.