चटईखाली बसलेला माणूस

मित्रांनो, चटई म्हटले की तुम्हाला लगेच अंग टाकावेसे वाटेल. पण मी त्या जातीची नाही. मी एक जुनी, बारीक विणीची, तांबड्या पिसांच्या किनारीची चटई आहे. आमच्या सामोआत माझ्यासारखीवर कोणी बसत नाही, जेवत नाही की झोपत नाही. आम्हाला लग्नात देतात, मयताला देतात, घराण्याचा नवा मुखिया नेमला की देतात. लोक आमच्यापुढे मान लववतात आणि मग घडी घालून गादीखाली ढकलतात. मोठा मान बहुतेक असाच असतो.

माझा जन्म केवड्याच्या पानांतून झाला. फुआतिनो नावाच्या बाईने ती पाने कापली, त्यांचे काटे काढले, पाने उकडली, समुद्राच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवली, उन्हात वाळवून पांढरी केली आणि नखाने त्यांच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या काढल्या. मग गावातल्या बायकांबरोबर बसून ती मला विणू लागली. घाई कोणालाच नव्हती. काम सुरू झाले तेव्हा शेजारणीची नात रांगत होती; मी पूर्ण झाले तेव्हा ती शाळेतून मार खाऊन घरी येऊ लागली होती.

विणताना बायका गप्प बसत नाहीत. त्यांच्या गप्पा ऐकतच मी वाढले, आणि त्यांत दोनच विषय मुख्य असत. कोणाची सून आळशी आहे, आणि माणसाचे तारण, म्हणजे उद्धार, कशाने होते. दुसरा विषय फुआतिनोच्या घरातलाच होता. तिचा धाकटा भाऊ लेउगा हा त्या घराण्याचा मुखिया आणि गावच्या पाळकांच्या प्रोटेस्टंट चर्चचा डीकन, म्हणजे मानाचा कारभारी. फुआतिनो मात्र लग्न होऊन कॅथलिक घरात गेली होती. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली, पण रविवारी फादरच्या मिसेला, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेला, जायचे काही तिने सोडले नाही. बहीणभाऊ सकाळी एकाच घरातून दोन दिशांना जात आणि दुपारी जेवायला एकत्र येऊन भांडत.

पाळक सांगत, कर्मांनी कोणी तरत नाही, माणूस तरतो तो विश्वासाने. फादर सांगत, विश्वास हवाच, पण कर्मांवाचून तो मेलेला. आता गंमत बघा. लेउगा नुसत्या विश्वासवाल्यांचा, पण गावात त्याच्याइतकी सत्कर्मे करणारा दुसरा कोणी नव्हता. जुन्या चर्चच्या छपराचे पत्रे त्याचे. पाळकांच्या घरी जाणारे सगळ्यात मोठे डुक्कर त्याचे. वादळानंतर शेजारच्या गावाला तांदूळ पोचवला तोही त्यानेच. उपदेश संपला की कोणाकडून काय आले ते मोठ्याने सांगत, आणि लेउगाचे नाव आले की तो जमिनीकडे बघत बसे. कान मात्र वर असतात, असे बायका म्हणत.

"ताई, तुमचे फादर म्हणतात कर्म करा, आणि तू बघावं तेव्हा बसलेली," तो कोको पिताना म्हणे.

"आणि तुमचे पाळक म्हणतात विश्वास ठेवून बसा, आणि तू सिमेंटची पोती वाहतोस. आपण दोघं एकमेकांच्या दारात शिरलोय बघ."

"मी काही तारण विकत घेत नाहीये."

"कसं नाही? घासाघीस करत नाहीस, एवढंच."

मी पूर्ण झाले तेव्हा बायकांनी मला उलगडून गावातून मिरवले. म्हातारे बाहेर आले, वाऱ्याने माझी पिसे हलली, आणि सगळ्यांनी मोठमोठ्याने माझे कौतुक केले. तो माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला दिवस होता, हे मी लपवत नाही. त्याच रविवारी लेउगाने भर चर्चमध्ये जाहीर केले की नवे चर्च उभे राहील त्या दिवशी मला देवापुढे ठेवले जाईल. मग मी गादीखाली गेले. नवे चर्च हळूहळू वर येत राहिले आणि मी झुरळांच्या सोबतीने वाट बघत राहिले. अधूनमधून लेउगा गादीचे टोक उचलून मला बघून जाई.

चर्चच्या भिंतींसाठी किनाऱ्यावरून वाळू येत असे. ट्रक चालवी तो लेउगाचा मुलगा पेनी. एका संध्याकाळी कालवलेले सिमेंट वाळायला लागले म्हणून लेउगाने त्याला आणखी एक खेप पटकन आणायला पिटाळले. पेनी पटकन निघाला. शेजारच्या गावाच्या वळणावर एक तरुण मुलगा खांद्यावरच्या काठीला नीरफणस अडकवून घरी चालला होता. ट्रकने त्याला उडवले. तो जागीच गेला. नीरफणस आणि चर्चची वाळू रस्त्याभर सांडली. पेनीला पोलीस घेऊन गेले.

पोलीस त्यांचे काम करतात, पण आमच्याकडे तेवढ्याने भागत नाही. ज्या घराच्या हातून माणूस गेला, त्या घराच्या मुखियाने दुसऱ्या दिवशी पहाटे मेलेल्याच्या दारापुढे जाऊन बसायचे असते. डोक्यावर घराण्यातली सर्वात चांगली चटई पांघरायची. सोबत चुलीची लाकडे आणि दगड न्यायचे, म्हणजे आम्ही तुमच्या स्वाधीन आहोत, वाटल्यास भाजून खा. बोलायचे काही नाही. याला इफोगा म्हणतात. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर क्षमा झाली. नाही उचलली तर कोयता त्यांचा आणि मान तुमची.

लेउगाने गादीखालून चटई ओढली ती माझ्या शेजारची.

"ही कशाला?" फुआतिनोने विचारले.

"चांगली आहे की."

"चांगली आहे. सर्वात चांगली नाही."

"ताई, ती दुसरी मी देवाला कबूल केलीय. सगळ्यांच्या देखत. देवाचं काढून माणसांना देऊ?"

"देवानं मागितली होती का? तूच उठून सांगितलंस. अरे, त्या बाईचा एकुलता एक मुलगा गेलाय. तिच्या दारात तू उरलंसुरलं पांघरून बसणार?"

"वादळात त्यांना तांदूळ कोणी दिला, ताई? ते काय सगळं विसरतील?"

"तिथं तांदळाचं नाव जरी काढलंस ना, तर त्यांच्या कोयत्याची गरज पडायची नाही. मीच बघेन तुझ्याकडे."

आमच्याकडे भाऊ कितीही मोठा मुखिया झाला तरी बहिणीचा शब्द मोडत नाही. लेउगाने मला बाहेर काढले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ते त्या मुलासाठी होते की माझ्यासाठी, हे मला तेव्हाही कळले नाही आणि आजही सांगता येणार नाही.

उजाडायच्या आत आम्ही त्या दारापुढे होतो. लेउगा मांडी घालून, मान खाली करून बसला, पुढ्यात लाकडे आणि दगड ठेवले, आणि मला त्याच्यावर पसरले. त्याच्या मागे घराण्यातली बाकीची माणसे आणि स्वतः पाळक मान खाली घालून बसले. घराला भिंतींऐवजी असलेले पडदे खाली सोडलेले होते. आत मेलेला मुलगा होता आणि त्याची आई होती. तिचे नाव मातालेना.

खाली काय चालले होते ते फक्त मला ऐकू येत होते. लेउगा देवाशी पुटपुटत होता. छपराचे पत्रे, पाळकांचे घर, वादळातला तांदूळ, आजारी माणसांच्या घरी नेलेले जेवण, सगळे ओळीने सांगत होता. सूर अगदी नम्र होता. एकदा संपल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

सूर्य वर आला तसा मातालेनाचा दीर तोमा कोयता घेऊन बाहेर आला. तो आमच्याभोवती फिरू लागला.

"खाली कोण आहे? डीकनसाहेब का?" तो म्हणाला. "मग काय, पोचली का वाळू? भिंत झाली पूर्ण?"

त्याने कोयता शेजारच्या दगडावर आपटला. ठिणगी उडालेली मी पाहिली. खरे सांगते, मीही घाबरले. कोयता पडला असता तर आधी माझ्यावरच पडला असता. लेउगाची यादी मध्येच तुटली. तो भराभर म्हणू लागला, प्रभू, माझा विश्वास आहे, माझा विश्वास आहे. पण कुत्रा मागे लागल्यावर माणूस पळतो तशी ती वाक्ये पळत होती. थोड्या वेळाने तीही थांबली. मग खाली फक्त श्वास होता आणि घामाचा वास होता.

तेवढ्यात पडद्याआडून मातालेनाचा आवाज आला. "सेफो, ऊठ रे. उन्हं आली बघ."

त्या मुलाचे नाव लेउगा पहिल्यांदाच ऐकत होता. आपण दिलेले प्रत्येक दान त्याला पाठ होते, पण रात्रभरात त्याने कोणाला ते नाव विचारले नव्हते. तो हळूच म्हणाला, सेफो. मग दुपार होईपर्यंत तो दुसरे काही बोलला नाही. मला त्याची तेव्हा दया आली. पण हेही सांगायला हवे की तो काय पुटपुटला ते घरात कोणालाच ऐकू गेले नाही.

ऊन डोक्यावर आले. मागे बसलेल्यांपैकी एक म्हातारा कलंडला, त्याला सावलीत न्यावे लागले. तेव्हा पडदा वर झाला आणि मातालेना बाहेर आली. बुटकी, जाडसर बाई. रडून रडून तिचे डोळे बारीक झाले होते.

"वहिनी, तू आत जा," तोमा म्हणाला. "बसू दे त्याला संध्याकाळपर्यंत. मग बघू."

"ऊन किती झालंय," ती म्हणाली.

"म्हणून काय झालं?"

"सेफोही उन्हातूनच यायचा रे तोमा. घरी आल्यावर पहिलं पाणी मागायचा."

तोमाने कोयता खाली केला नाही, पण तो बाजूला झाला. मातालेना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग तिने दोन्ही हातांनी मला धरले. तिने मला उचलले.

लेउगाने मान वर केली नाही.

"आत या," ती म्हणाली. "माझ्या मुलाला बघा आधी."

लेउगाने उठायचा प्रयत्न केला, पण त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तो गुडघ्यावर पडला, पुन्हा उठायला गेला, पुन्हा पडला. धडधाकट, पोती वाहणारा माणूस, त्याला त्या दाराशी चारदोन पावले टाकता येईनात. शेवटी मातालेनानेच मला एका हातावर टाकले आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरून त्याला आत नेले. मला त्या क्षणी रडता आले असते तर मी रडले असते.

पुढचे थोडक्यात सांगते. पेनीला तुरुंग झाला, तो कायद्याप्रमाणे व्हायचाच होता. मी मातालेनाकडे राहिले. नवे चर्च माझ्याविनाच उघडले, आणि त्या दिवशी दानांची नावे सांगितली तेव्हा लेउगाचे नाव कुठेतरी मधेच येऊन गेले. पाळकांनी उपदेशात सांगितले की लेउगा रिकाम्या हाताने, तोंड न उघडता, केवळ भरवशावर बसला, आणि विश्वास म्हणतात तो हाच. फादर मात्र म्हणत की घरी बसून कोणीही भरवसा ठेवील. तो उठून आला, मान खाली घालून बसला, हे कर्मच आहे. दोघेही मनापासून बोलत होते. चटईखाली मात्र दोघांपैकी कोणीच नव्हते.

लेउगा दर शनिवारी मातालेनाकडे चुलीची लाकडे आणून टाकू लागला. एकदा फुआतिनो मातालेनाला भेटायला आली होती, तेव्हा माझ्यासमोरच तिने त्याला चिमटा काढला.

"आता कशाला आणतोस? क्षमा तर झाली. आणि तुमच्याकडे तर कर्म लागत नाही."

"लागत नाही म्हणूनच आणतो, ताई," तो म्हणाला.

लाकडे ओली असत. घरभर धूर होई आणि मातालेना खोकत राही. तिने त्याला ते कधी सांगितले नाही.

मग एक दिवस ती मला ऊन दाखवायला बाहेर घेऊन आली असताना फादर आले. त्यांनी तिला सरळ विचारले, "मातालेना, लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. तू काय बघून त्याला क्षमा केलीस? त्याचा विश्वास, की तो आला ते?"

"मी कुठं क्षमा केली होती, फादर?" ती म्हणाली. "मी चटई उचलली. क्षमा तर मी अजून करतेय. काही दिवस जमतं. काही दिवस रस्त्यावर ट्रक वाजला की परत सगळं पहिल्यापासून."

फादरांनी माझे दुसरे टोक धरले आणि दोघांनी मला उन्हात पसरले.

मित्रांनो, आता माझी पिसे गळाली आहेत आणि किनार उसवली आहे. विश्वास मोठा की कर्म, हे मला ठरवता येत नाही. त्यासाठी पाळक आहेत, फादर आहेत आणि रविवारची जेवणे आहेत. मला एवढेच माहीत आहे की त्या दुपारी माझ्याखाली बसलेल्या माणसाचे दोन्ही संपले होते, आणि मला उचलणाऱ्या बाईच्या मनात अजून क्षमा आलेली नव्हती. तरी तिचे हात पुढे आले. तुमच्या दारात कधी कोणी मान खाली घालून बसले, तर आपले मन तयार होईपर्यंत त्याला उन्हात ठेवू नका. मनाला यायला कधी कधी वर्षे लागतात. तुम्ही आधी चटई उचला.