तुळईवर फुटलेला नारळ

मित्रांनो, मी एका जुन्या ग्लायडरच्या पंखातली लाकडी तुळई आहे. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पंखाचा सगळा भार मीच पेलायचे. पण पंखावर ताणलेल्या कापडाखाली असल्यामुळे फोटोत कधी आले नाही.

आमचा ग्लायडर उडवणारा क्लब बंद पडला, तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेल्या खंडेरावांनी आम्हाला बोईसरच्या गाळ्यात आणलं. त्यांची मुलगी वैभवी वैमानिक. तिने हे ग्लायडर एकदा उडवावं आणि आपण खालून बघावं, एवढीच त्यांची इच्छा. नजर अधू होत चालली होती, म्हणून घाई.

ओल लागून मी वीतभर कुजले होते. एडवणचे होड्या बांधणारे रामनाथ आले. ते बोल्ट मारणार होते. भोकाने लाकूड कमजोर होतं, म्हणून खंडेरावांनी अडवलं. मग जाडीच्या बारापट लांब तिरका काप घेऊन रामनाथांनी नवं लाकूड असं चिकटवलं, की सांधा बोटाला लागेना. तपासनीसही मान डोलावून गेले. साठ वर्षांतलं माझं हे पहिलं कौतुक.

कौतुक झालं की आपल्याकडे पूजा होते. नव्या होडीच्या टोकावर नारळ फोडतात, तसा रामनाथांनी तो माझ्यावर फोडला. टाळ्यांत माझा ‘कट्’ आवाज बुडाला. ऐकला फक्त त्यांनी.

सगळे प्रसाद खात असताना त्यांनी माझ्यावरून नख फिरवलं. केसाएवढी चीर. कापड चढल्यावर कुणालाही दिसली नसती. ते बाहेर जाऊन एक बिडी ओढून आले. खरं सांगते, त्यांनी गप्प बसावं असं मला वाटत होतं. मला उडायचं होतं.

“खंडेराव, हिला कापड चढवू नका. माज्या नारलानं तडकलीय.”

“तुम्ही तर होडीवरही फोडता.”

“होडी फुटली तर माणूस पोहत येतं. तुमची पोरगी कशी येणार?”

खंडेराव बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत राहिले. पुन्हा कापायचं, तर काप पंख धडाला जोडणाऱ्या लोखंडी जोडाखाली जात होता. तिथे सांधा चालत नाही. नव्या तुळईचं लाकूड परदेशातून यायचं होतं. खंडेरावांची नजर तेवढी थांबली नाही.

आता माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. दसऱ्याला रामनाथ येतात, मला हार घालतात आणि नारळ फोडायला रस्त्यापलीकडे जातात.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याची पूजा जरूर करा. नारळासाठी मात्र दगड शोधा. आणि चुकून दुसरीकडे फोडलात, तर कापड चढायच्या आत सांगा.