दम धरलेला एसी

बसऱ्यात ऑगस्टच्या भर दुपारी एसी बंद पडला, की लोक आधी मला, एसीच्या उस्ताला, बोलावतात, मग देवाला. गल्लीतल्या म्हाताऱ्या उम्म नाजिमला तर नवरा गेल्यापासून वर्षभर बंद असलेला त्याच्या खोलीतला एसी पुन्हा सुरू करून हवा होता.

इथले बरेच जण हवा न काढताच गॅस भरून मोकळे होतात. मी तसला नाही. पंप लावून नळ्यांतली सगळी हवा खेचली, पंप बंद केला आणि मीटरकडे बघत बसलो. काटा स्थिर राहिला तर गळती नाही, चढला तर आहे. हा जरा चढला आणि परत उतरला. पुन्हा चढला, पुन्हा उतरला.

"खाला, वीस वर्षं हेच करतोय," मी वैतागलो. "गळतीचा काटा चढतो, पण कधी उतरत नाही!"

"दमेकरी होता माझा नवरा," ती म्हणाली. "वीज गेली, एसी थांबला आणि इथेच गुदमरला. तू गॅस भर, उस्ता."

"काहीतरीच काय बोलता!" म्हणत मी गॅस भरला. खोली गारेगार झाली आणि तेवढ्यात वीज गेली.

"गेली मेली!" मी ओरडलो. एसीचा दिवा विझला होता. तरी माझ्या मानेवर गार वारा येत होता, थांबून थांबून.

उम्म नाजिमने रिकाम्या पलंगावर चादर घातली, उशीपाशी नीट खोचली.

"हळू बोल," ती कुजबुजली. "आत्ता कुठे डोळा लागलाय."