दुसरं गाव

दीनानाथच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या घरी दिवाळीचं जेवण होतं. ऑफिसातला सुदाम बायको अरुणा आणि सोळा वर्षांच्या क्रांतीला घेऊन आला होता. सुदाम बौद्ध आहे हे दीनानाथला ठाऊक होतं; दोघांत त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. दीनानाथचा कॉलेजमित्र प्रताप औद्योगिक प्रदर्शनासाठी मराठवाड्याहून आलेला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

जेवताना तो रंगात आला, हसत सांगू लागला. "अठ्ठ्याहत्तर साली यांना विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव हवं होतं ना? आमच्या पोरांनी वस्तीच पेटवली. एक म्हातारा जळत्या धोतरानं पळत सुटला तो थेट विहिरीत. पोरं वरून ओरडतायत, आता म्हण जय भीम!"

"प्रताप, पुरे," दीनानाथ म्हणाला.

"कुठलं गाव?" सुदामनं विचारलं.

प्रतापनं नाव सांगितलं. ते सुदामचं गाव नव्हतं. सुदामच्या गावात जळाला तो त्याचा बाप. आईनं लहानग्या सुदामला ओढ्यात दडवून तोंड दाबून धरलं होतं, आणि तो तिच्या तळव्याला कडकडून चावला होता.

सुदामनं काचेचा जग उचलून प्रतापच्या तोंडावर हाणला. प्रताप खुर्चीसकट मागे कोसळला. सुदाम त्याच्या छातीवर बसला आणि बुक्क्या मारत राहिला. दात तुटले. त्याच्या स्वतःच्या हाताचं हाड मोडलं, तरी तो थांबेना. अरुणा आणि दीनानाथनं मिळून त्याला ओढून काढलं. चकल्यांवर रक्त उडालं होतं.

शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले.

"जुनं राजकीय भांडण आहे," दीनानाथ पोलीसबाईंना जर्मनमध्ये सांगू लागला.

"नाइन!" – नाही! – क्रांती ओरडली. घरी ती मराठीला जर्मनमधूनच उत्तर द्यायची, पण तिला सगळं समजायचं. म्हातारा, विहीर, वरून ओरडणारी पोरं, प्रतापचं हसणं, तिनं शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला. दीनानाथची बायको मीनल तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

"मी मारलं," सुदाम म्हणाला. कोर्टातही तो तेच म्हणाला, आणि शिक्षा झाली. दीनानाथचा फोन पुन्हा आला नाही.

मारामारीच्या त्या दिवशी हॉस्पिटलमधून परतताना ट्राममध्ये क्रांतीनं जर्मनमध्ये विचारलं, "पप्पा, तुम्ही तिथे होतात?"

"तिथे नाही. आमच्या गावात." प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून तो सांगू लागला. आपला स्टॉप मागे गेला, तरी अरुणा उठली नाही.